टेपरेकॉर्डरची कवळी

तीर्थरूप बाबांस,

जावयाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे तो मी खुर्चीत बसूनच घातला आहे, पण मनातून पूर्ण आडवा झालो आहे, असं समजावं.) तुमचा खोकला आता कसा आहे? सकाळचं फिरणं चालू आहे ना? तुमच्या मोरीतला नळ अजून ठिबकतो, की तुम्ही त्याला वठणीवर आणलंत? पाणीपुरवठा खात्यात अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला आधी नळाचं विचारावं आणि मग तब्येतीचं, असं तुमच्या लेकीचं म्हणणं पडलं. मी क्रम बदलला आहे. राग नसावा. आम्ही दोघं ठीक आहोत.

पत्र लिहायला घेतलं त्याचं कारण ती तपकिरी बॅग. गेल्या खेपेस तुम्ही चार दिवसांसाठी आलात आणि आमच्या नळाला दाब नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी परत गेलात. जाताना ती बॅग पलंगाखाली सरकवलीत आणि ‘बघा काय करायचं ते’ एवढंच म्हणालात. मुळात तुम्ही कमी बोलता, आणि माझ्याशी बोलायची वेळ आली की शब्दांचा पुरवठा अगदीच कमी दाबाने होतो. (आमचं लग्न ठरत होतं तेव्हा तुम्ही मला एकच प्रश्न विचारला होता, ‘दात करता म्हणजे कुणाचे?’, आणि उत्तर ऐकून आत निघून गेला होतात. ते उत्तर पटलं की नाही हे मला अजून कळलेलं नाही.) त्यामुळे या चार शब्दांचा अर्थ लावण्यात आमचे आठ दिवस गेले. तुमची लेक म्हणाली, अर्थ सरळ आहे, टाकून द्या. मी म्हणालो, टाकून द्यायची वस्तू कुणी जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळून, प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधून, वर डांबराची गोळी ठेवून देत नाही.

बॅगेत तुमचा तो रबरी बटणांचा जुना काँप्युटर होता, तेवीस कॅसेट होत्या आणि टेपरेकॉर्डर होता. मला या प्रकाराची काही माहिती नव्हती. तुमच्या लेकीने समजावून सांगितलं की हा काँप्युटर टीव्हीला जोडतात, टीव्ही हाच त्याचा पडदा, आणि बंद केला की तो सगळं साफ विसरतो. मग त्याला पुन्हा काही करायला लावायचं तर टेपरेकॉर्डर जोडून त्याच्या कानात ती कॅसेट वाजवायची. कॅसेटमधून पाच मिनिटं नुसती किंचाळी येते, ती त्याला कळते, आणि मग त्याला सगळं आठवतं. लहानपणी ती ही किंचाळी ऐकत ऐकत गृहपाठ करायची म्हणे. नुसत्या आवाजावरून सांगायची, हे पाढे आहेत, हा बेडकाचा खेळ आहे. मी ते हसण्यावारी नेलं.

आता जे सांगायचं आहे ते पहिल्याच पानावर सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल किंवा वाचणारच नाही. तुमचा टेपरेकॉर्डर माझ्या हातून गेला. वाईट हेतूने नाही, स्वच्छतेपायी. आतलं रबरी चाक चिकट झालं होतं, म्हणून मी लॅबमधून कवळीचं गुलाबी प्लास्टिक कालवायचा द्रव आणला आणि कापसाच्या बोळ्याने ते चाक पुसलं. हा द्रव कवळीसाठी उत्तम. रबराला तो चालत नाही. चाकाचं च्युइंगम झालं, झाकणाची खिडकी दुधासारखी पांढरी पडली, आणि वाजवायचं बटण खाली गेलं ते अजून वर आलेलं नाही. तुमची लेक दवाखान्याच्या औषधखिडकीवर दिवसभर उभी असते, तिला बाटल्यांतलं कळतं. ती आली, तिने वास घेतला, आणि म्हणाली, “बाटलीवर लिहिलेलं असतं, ते वाचायचं असतं.” (हे कमी बोलणं तिने कुठून उचललं ते मी सांगत नाही.) मग जरा वेळाने म्हणाली, “बाबांना मी सांगणार नाही. तू सांगायचंस. पत्राने.”

पण नुसतं ‘मोडला’ असं कोणत्या तोंडाने लिहायचं? तसाच दुसरा टेपरेकॉर्डर शोधू लागलो. चार दुकानं झाली. एका दुकानदाराने मला कॅसेट म्हणजे काय ते विचारलं, आणि मी हाताने आकार दाखवल्यावर साबणदाणी आणून दिली. शेवटी आमच्या लॅबमधली पोर्सेलिनची भट्टी दुरुस्त करायला येणारा मेकॅनिक आहे (आम्ही त्याला भट्टीवाला म्हणतो, तोही हाक मारली की वळतो), त्याने मार्ग काढला. तो म्हणाला, टेपरेकॉर्डर कशाला हवा? टेपरेकॉर्डरचं सोंग आणणारी डबी करू. कॅसेटमधला सगळा आवाज एका नखाएवढ्या कार्डात भरायचा, डबीत छोटी सर्किटची पट्टी बसवायची, आणि डबीने तो आवाज काँप्युटरच्या कानात ओतायचा. काँप्युटर ‘थांब’ म्हणाला की थांबायचं, ‘चल’ म्हणाला की चालायचं. त्याला शेवटपर्यंत कळता कामा नये की समोर टेपरेकॉर्डर नाही.

बाबा, हे ऐकलं आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. तोंडाला कळता कामा नये असे दात करण्यातच माझी एकतीस वर्षं गेली आहेत.

सर्किटची जोडणी भट्टीवाल्याने केली, डबी मी केली. साहित्य हाताशी होतं तेच वापरलं, त्यामुळे डबीचा रंग हिरडीचा आहे. घासूनपुसून अशी चकचकीत केली आहे की तुमची लेक ती जेवणाच्या टेबलावर ठेवू देत नाही. बटणं मिळेनात म्हणून तयार दातांतले चार बसवले. वाजवायला पुढचा दात दाबायचा, थांबवायला दाढ. पुढची कॅसेट उजव्या सुळ्यावर, मागची डाव्या. भट्टीवाल्याने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो दोन पावलं मागे सरकला, पण दाबून पाहिल्यावर म्हणाला की बोटाला सवय होते.

आता प्रश्न राहिला कॅसेटमधला आवाज कार्डात भरायचा कसा. त्यासाठी एकदा तरी कॅसेट खऱ्या यंत्रावर वाजायला हवी, आणि सगळ्या आळीत चालू कॅसेटयंत्र निघालं एकच, ते खालच्या मजल्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांच्या गाडीत. मास्तर हो म्हणाले, पण गाडीच्या नियमांवर. गाडी उभी असली तरी पट्टा बांधायचा. काचा वर, कारण धूळ. बोलायचं नाही, कारण चालकाचं लक्ष विचलित होतं. भट्टीवाल्याने स्पीकरच्या वायरी सोडवून त्या आवाज टिपणाऱ्या यंत्राला जोडल्या, त्यामुळे बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. दर कॅसेटला अर्धा तास. असे मास्तर आणि मी, दोन प्रौढ गृहस्थ, बारा दिवस संध्याकाळी पाच ते सहा उभ्या गाडीत, पट्टे बांधून, समोर बघत, गप्प बसत होतो. तिसऱ्या दिवशी समोरच्या बाई तुमच्या लेकीला विचारून गेल्या, मिस्टरांना शिकायला इतका वेळ का लागतोय. भट्टीवाल्याने एक बजावून ठेवलं होतं. इतक्या जुन्या फितीची पूड सुटते, प्रत्येक कॅसेट एकदाच वाजवा, दुसऱ्यांदा टिकेल याची खात्री नाही.

सगळं भरून झालं. डबी जोडली, पुढचा दात दाबला. काँप्युटरने पडद्यावर चार रंगीत पट्टे दाखवले आणि रुसून बसला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. एक आठवडा मी रोज लॅबमधून येऊन तो दात दाबत होतो. (इतका वेळ मी कुठल्याच दातावर घालवलेला नाही, आणि आमच्याकडे लोक तक्रारी घेऊन येतात.) मग भट्टीवाल्याने आवाजाची आकृती काढून पाहिली आणि सांगितलं, प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला दहाबारा सेकंद कचरा आहे. किंचाळी नाही, नुसती खरखर, वेडीवाकडी. डबी तोच कचरा इमानेइतबारे काँप्युटरच्या कानात ओतते आणि तो बिथरतो. कापून टाका. मी बसलो आणि कापत सुटलो. पहिली कॅसेट कापली, दात दाबला, आणि पडद्यावर पाढे आले.

पाढे म्हणजे तुम्ही केलेले ते पाढे, बाबा. सातवीतल्या मुलीसाठी. तुमची लेक स्वयंपाकघरातून हात पुसत आली. पडद्यावर आलं, ‘नाव?’ तिने नाव घातलं. यंत्राने लिहिलं, ‘चिमणे, सावकाश.’ मग सतरा नव्वे. ती उभ्याउभ्याच उत्तरं देत होती, मग खुर्ची ओढून बसली. एकोणीस आठे चुकलं. यंत्र म्हणालं, ‘घाई केलीस.’ ती म्हणाली, “नाही केली,” आणि पुन्हा बरोबर घातलं. हे सगळं ती यंत्राशी बोलत होती, माझ्याशी नाही. तुम्ही या घरात दीड दिवसात जेवढं बोललात त्यापेक्षा तुमचा तो काँप्युटर जास्त बोलला, एवढं नमूद करून पुढे जातो.

तीन दिवसांत मी एकोणीस कॅसेटचा कचरा कापला. कॅसेटवर नुसते आकडे, आत काय आहे ते कळेना, म्हणून विसाव्या कॅसेटला मी तिला म्हणालो, तू म्हणतेस ना आवाजावरून ओळखतेस, मग ओळख. तिने कानाला हेडफोन लावला. मी अजून ती कापली नव्हती. मी सुरू केलं.

तिने हात करून थांबवायला सांगितलं, पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितलं. मग म्हणाली, “तू काय कापतोयस?”

मी म्हणालो, कचरा.

तिने हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. आतून सासूबाई म्हणाल्या, “कॅसेट वीस. बुद्धिबळ. हे नीट चालत नाही, घोडा अडकतो. झालं, सोडा बटण.”

मला वाटलं होतं यंत्राची खरखर. आई गेल्या त्याला दोन वर्षं होत आली, आणि मी त्यांचा आवाज आकृतीत पाहून कचरा म्हटला होता. एकदा नाही, एकोणीस वेळा. आणि मूळ आवाजाची प्रत मी ठेवली नव्हती, कारण कार्डात जागा कमी पडत होती. बाबा, त्या वेळी तुमच्या लेकीने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, “कॅसेट आहेत ना अजून?” कॅसेट होत्या. पण त्या दुसऱ्यांदा वाजतील की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही मास्तरांच्या गाडीत बसलो. मास्तर पुढे, ती त्यांच्या शेजारी, मी मागे कॅसेट मांडीवर घेऊन. या वेळी स्पीकर पुन्हा जोडले होते, आणि आवाज टिपणारं यंत्रही चालू होतं. पट्टे बांधले. काय झालं होतं ते मी मास्तरांना जिन्यातच सांगितलं होतं. त्यांनी न बोलण्याचा नियम स्वतःहून मागे घेतला. प्रत्येक कॅसेटची फक्त सुरुवात वाजवायची, किंचाळी सुरू झाली की काढायची, असं ठरलं.

“कॅसेट एक. पाढे. हो, बोलतेय ना मी, तुम्ही बटण धरा नीट.” “कॅसेट दोन. बेडूक. एकच डाव, मग अभ्यास.” “कॅसेट पाच. टाकीतल्या पाण्याचं गणित. याला कुणी हात लावायचा नाही असं यांचं म्हणणं आहे. लावणार कोण?” मागे तुम्ही हसलेले ऐकू येता, बाबा. मी तुम्हाला हसताना कधी ऐकलं नव्हतं, म्हणून आधी ओळखलं नाही. तिने सांगितलं.

नवव्या कॅसेटला फीत आत गुंडाळली गेली. मास्तरांनी हात लावायच्या आधी मी त्यांना थांबवलं. लॅबची हत्यारं मी खिशात घेऊनच उतरलो होतो, मेण कोरायची बारीक सळई आणि चिमटा. मागच्या सीटवरून पुढे वाकून, दोघांच्या मधून हात घालून, मी ती फीत चाकावरून एकेक वेढा करत सोडवली. पाऊण तास लागला. एका जागी ती तुटली होती, तिथे जोड दिला. मग लावली. “कॅसेट न... कोडी. उत्तरं माझ्याकडे आहेत.” ‘नऊ’मधला अर्धा नऊ गेला आहे, बाबा. बाकी सगळं आहे.

आणि तेराव्या कॅसेटला, आकडा सांगून झाल्यावर, आई बाजूला तोंड करून म्हणाल्या, “चिमणे, दार लाव गं, बाहेरचा आवाज येतोय.”

तुमच्या लेकीने हात पुढे करून गाडीचं दार ओढून घेतलं. ते बंदच होतं.

मग ती रडली. मास्तर काच पुसू लागले, आतून. बराच वेळ पुसत होते. मी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला, पट्ट्यामुळे तिथवरच पोचला. नंतर तिनेच डोळे पुसले आणि म्हणाली, “पुढची लाव.” आम्ही तेविसच्या तेवीस ऐकल्या. सगळ्या टिकल्या.

आता डबीत दोन कप्पे केले आहेत. काँप्युटरसाठी किंचाळी वेगळी आणि माणसांसाठी सुरुवात वेगळी. दाढ दोनदा दाबली की आई बोलतात. भट्टीवाल्याने त्यासाठी एक बारका स्पीकर बसवून दिला आणि ‘कचरा’ हा शब्द मागे घेतला. बॅग ठेवताना तुम्हाला हे आठवत होतं की नाही, ते मी विचारणार नाही. टेपरेकॉर्डरबद्दल मात्र मनापासून क्षमा मागतो. त्याच्या बदल्यात ही गुलाबी डबी, काँप्युटर आणि सगळ्या कॅसेट मी नीट बांधून येत्या आठवड्यात पार्सलने पाठवतो आहे. तुम्ही प्रवासाची दगदग मुळीच करू नये. सोबत कोणता दात कशाचा याचा तक्ता आहे. तब्येतीला जपावं. तुमच्या लेकीचा नमस्कार, मास्तरांनीही न विसरता सांगायला सांगितला आहे.

तुमचा,
दात करणारा जावई

ता. क. पार्सल पाठवत नाही. वरचा मजकूर मी कच्चा लिहिला होता, तुमच्या लेकीने वाचला आणि म्हणाली की पार्सलवाले आपटतात. खरं कारण तिने सांगितलं नाही, पण मला माहीत आहे, ते खाली देतो.

ता. क. २. सतराव्या कॅसेटचं मी मुद्दाम वर लिहिलं नाही. त्या कॅसेटला मागे तुमचा आवाज नाही. आई एकट्याच आहेत, आणि हळू बोलतात: “कॅसेट सतरा. ही मी केली आहे. यांना सांगायचं नाही.” तुम्ही कचेरीत असताना दुपारी टीव्ही ‘बिघडलेला’ असायचा, तो का, हे तुमच्या लेकीला आत्ता कळलं. आम्ही ती काँप्युटरवर लावली. पडद्यावर एकच शब्द येतो, ‘कोण?’ तुमचं नाव घालून पाहिलं. आडनावासकट घातलं. ‘बाबा’ घातलं, ‘अहो’ घातलं, तुमचं खात्यातलं पद घातलं. दर वेळी एकच उत्तर येतं, ‘हे ते नव्हेत. त्यांना बोलवा.’ आणि तीन चुका झाल्या की सगळं पुसून पुन्हा पाच मिनिटांची किंचाळी. आई तुम्हाला एकांतात काय हाक मारत, हे अर्थातच आम्हाला ठाऊक नाही, आणि आम्ही विचारणारही नाही.

ता. क. ३. भट्टीवाला म्हणाला, आतल्या प्रोग्रॅमच्या ओळी उघडल्या तर उत्तर दोन मिनिटांत वाचता येईल. तुमच्या लेकीने त्याला चहा दिला आणि घरी पाठवलं. तेव्हा उत्तर पत्राने किंवा फोनवर कळवू नये. इथे येऊन तुम्हीच टाइप करावं. आम्ही दोघं तेवढा वेळ खाली मास्तरांच्या गाडीत जाऊन बसू. चार दिवसांच्या बोलीवर या आणि किती राहायचं ते आल्यावर ठरवा. आणि हे बोलावणं माझं आहे असं समजून नाही म्हणू नका. माझं नाही, तुमच्या लेकीचंही नाही. पडद्यावर ज्यांनी लिहून ठेवलं आहे त्यांचं आहे, आम्ही फक्त निरोप पोचवला.